पीईआय + बीएमपी-२ प्लाझ्मिड: प्लेटमध्ये चालतं, कोलॅजेन स्पंजवर का नाही?

हाडवैरी:
रॅटच्या मज्जेतल्या एमएससी (मूळपेशी), डीएनए पेशीत न्यायला २५ किलोडाल्टनचं ब्रँच्ड पीईआय (पॉलीएथिलीनइमीन, धनप्रभारी पॉलिमर), एन/पी (पीईआयमधले नायट्रोजन भागिले डीएनएतले फॉस्फेट) १०. प्लेटमध्ये जीएफपी (चमकणारं खूणप्रथिन) छान दिसतं. बीएमपी-२ चं (हाड घडवायला लावणारं प्रथिन) प्लाझ्मिड (जनुक वाहणारं डीएनएचं कडं) स्पंजवर दिलं (८ × २ मिमी चकती, १० मायक्रोग्रॅम डीएनए) की एलायझात (प्रथिन मोजायची चाचणी) जवळपास शून्य, आणि तिसऱ्या दिवशी बऱ्याच पेशी मेलेल्या. पीईआय-डीएनएचं कॉम्प्लेक्स पीबीएसमध्ये (खारट बफर) करतो, भिजलेल्या चकतीवर थेंब सोडतो. व्हायरल व्हेक्टर नकोय. काय बदलू?

पॉलीप्लेक्स_पंत:
आधी पीबीएस सोडा. मिठामुळे कणांवरचा धनप्रभार झाकला जातो, ते एकमेकांना चिकटून वाढत जातात. प्लेटमध्ये असे जड कण तळाच्या पेशींवर बसतात, म्हणून जीएफपी उलट चांगलं दिसतं. स्पंजमध्ये तेच वरच्या थरात अडकतात: वरच्या पेशी पीईआयने मरतात, आतल्यांपर्यंत काही पोचतच नाही.

५ टक्के ग्लुकोज वापरा. १ मायक्रोग्रॅम डीएनएत साधारण ३ नॅनोमोल फॉस्फेट, पीईआयमध्ये दर ४३ डाल्टनला एक नायट्रोजन. एन/पी १० ला १० मायक्रोग्रॅम डीएनएमागे १३ मायक्रोग्रॅम पीईआय. दोन्ही ५०-५० मायक्रोलिटरमध्ये घ्या, पीईआय डीएनएत एकदम ओता, लगेच व्हॉर्टेक्स, २० मिनिटं थांबा. चकतीचं आकारमान १०० मायक्रोलिटर, म्हणून तेवढंच द्रावण, आणि चकती कोरडी हवी. पेशी नंतर. एन/पी ६ आणि ८ पण लावून बघा. १० ला बरंचसं पीईआय मोकळंच असतं आणि पेशींना तेच जास्त भोवतं.

एलायझावाली:
शून्यावर इतक्यात विश्वास ठेवू नका. बीएमपी-२ कोलॅजेनला आणि पेशीपृष्ठावरच्या हेपरन सल्फेटला धरून बसतं, मीडियात थोडंच उतरतं. चकतीचा लायसेटही (पेशी फोडून काढलेला अर्क) मोजा. मीडियात हेपरिन घालून ते सोडवता येतं, पण ट्रान्सफेक्शन (डीएनए पेशीत शिरवणं) उरकल्यावरच, नाहीतर हेपरिन पॉलीप्लेक्सच (पीईआय-डीएनएचे कण) उसवतं. शिवाय परिपक्व बीएमपी-२ माणसात आणि रॅटमध्ये सारखंच, त्यामुळे पेशींचं स्वतःचंही मोजलं जाणार. त्याच एन/पीचा ल्युसिफरेज (हाडाशी संबंध नसलेलं प्रथिन) प्लाझ्मिडचा कंट्रोल हवाच.

हाडवैरी:
आभारी. मग थेट अलिझरिन रेडच (कॅल्शियम लाल दाखवणारा रंग) केलं तर? पुढे स्पंजमध्ये हायड्रॉक्सिॲपेटाइट (हाडातलं कॅल्शियमचं खनिज) घालायचंय.

पॉलीप्लेक्स_पंत:
हायड्रॉक्सिॲपेटाइट असेल तर अलिझरिन विसरा, पेशी नसलेली चकतीही लालभडक होते. नुसत्या कोलॅजेनवरही डेक्सामेथासोन (पेशींना हाडाकडे वळवणारं स्टेरॉइड) असलेल्या मीडियात कंट्रोलच खनिज धरतो. डेक्सामेथासोन काढा, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाड घडवणाऱ्या पेशींचं एन्झाइम) डीएनएच्या प्रमाणात मांडा, जोडीला ऑस्टिओकॅल्सिनचं (हाडाचं प्रथिन) क्यूपीसीआर, म्हणजे जनुक किती चालू आहे ते मोजणं.