बातम्यांनी जीव घाबरतो तेव्हा चर्चच्या मंडळीत काय सापडतं? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

सलाम मंडळी. मे 2023 पासून मणिपूरच्या हिंसाचाराचे व्हिडिओ आमच्या ग्रुपवर इतके येऊ लागले की आईने मोबाईल हातात घ्यायचंच सोडलं. जळालेली चर्चं, उघड्यावर आलेली कुटुंबं. बातमी खरी, तेव्हा डोळे झाकून चालणार नव्हतं, पण रात्री झोप उडवून तरी कुणाचं भलं होत होतं? शेवटी महिला मंडळाने ठरवलं: घरच्या प्रार्थनेत आधी बातमी वाचायची, त्या लोकांसाठी प्रार्थना करायची, मग चहा. चहा आला की बातमीचा विषय बंद. आता आईच बातमी कापून ठेवते.

तुमच्याकडे काय घडलं ते सांगा. बायबलची वचनं पाठवू नका, ती पाळकसाहेब सांगतातच.

रेल्वे लाईन्सहून

आमच्याकडे हंगामाचा सण म्हणजे निम्मी उपासना आणि निम्मा लिलाव. वेदीपुढे मालदांडी ज्वारीची कणसं, ऊस, डाळिंबं, कुणाच्या घरची शेंगाचटणी, आणि पाय बांधलेली एक कोंबडी, जी नेमकी उपदेशाच्या वेळी ओरडते. उपासना आटोपली की अंगणात टेबल मांडतात.

फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या हातात 512 किलो कांद्याचे खर्च वजा जाता दोन रुपये पडले, ती बातमी देशभर गेली. आमच्या मंडळीतल्या एका काकांचाही कांदा त्याच दिवसांत मातीमोल गेला होता. तरी सणाला ते कांद्याची माळ घेऊन आले. लिलाव पुकारणारा म्हणाला, "बोला, बाजारभावाने नको, माणसाच्या भावाने बोला!" शंभरपासून सुरू झालं. ज्याने माळ घेतली त्याने ती परत टेबलावर ठेवली, "पुन्हा पुकारा." मग दुसऱ्याने घेतली, त्यानेही परत ठेवली. काका आधी मान खाली घालून उभे होते, नंतर स्वतःच पुकारायला लागले, "एक वार, दोन वार, अरे पेठेतल्या लोकांनो, खिशात हात घाला की!"

पैसे अर्थात मंडळीच्या खजिन्यात गेले, काकांचं कर्ज काही फिटलं नाही. पण त्यांचा कांदा त्या दिवशी फुकट गेला नाही, हे सगळ्यांनी बघितलं.

होटगी रोडवरून

12 एप्रिल 2020, पुनरुत्थानाचा दिवस म्हणजे ईस्टर, लॉकडाऊन. पहाटेची उपासना गच्चीवर, आम्ही चौघंच. वडिलांनी गाणं उचललं आणि पलीकडच्या गच्चीवरून शेजारच्या मावशींनी दुसरं कडवं धरलं. त्या आमच्या मंडळीच्या नाहीत. नाताळच्या फराळाबरोबर दरवर्षी आमची गाणीपण ऐकतात, एवढंच.

जुळे सोलापूरहून

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीचं पाणी माढा, मोहोळकडच्या गावांत शिरलं. तरुण संघातली पोरं लगेच भात-भाजी न्यायला निघाली. आजी म्हणाली, "थांबा रे, ते दुपारपर्यंत आंबेल. कडक भाकरी न्या." खरंच की वो, कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिवसेंदिवस टिकते, चूल लागत नाही. बायकांनी चर्चच्या आवारात थापायला घेतल्या. कुणी पीठ मळतंय, कुणी कागदात बांधतंय, आणि मध्येच कुणाच्या तरी लग्नाची चर्चा. पुराच्या बातम्या बघून घरी नुसती बसले असते तर वेडी झाले असते. तिथे मात्र पोट दुखेपर्यंत हसले. लाज वाटावी का? मला वाटली नाही. परत आलेल्या पोरांनी सांगितलं, ओल्या घोंगड्या वाळवताना तिथली माणसंही थट्टा करत होती.

अशोक चौकातून

सगळं गोडगोड वाचून जरा कडू लिहितो. मंडळीत भांडणं काय कमी आहेत? खुर्च्या कुणी उचलायच्या, माईक कुणाकडे, कमिटीत कोण. दोन वर्षं मी रविवारी मागच्या बाकावर बसून निघून जायचो.

तेवढ्यात वडील दवाखान्यात. ज्याच्याशी माझं वाजलं होतं तोच रात्री डबा घेऊन आला, काही न बोलता बाकड्यावर पेपर वाचत बसला. भांडण मिटलं असं नाही, हिशेबावरून अजून खटके उडतात. पण नाताळची गाणी म्हणत फिरणाऱ्या कॅरलच्या टेम्पोत आम्ही शेजारी असतो. पूर्व भागात शिरलं की तेलुगू गाणी त्याच्याकडे, मराठी माझ्याकडे, आणि तो पट्टी नेहमी उंच धरतो. यंदा पेटी मी माझ्याकडेच ठेवणार आहे.