दुसरीतल्या मुलीसाठी शाळेची बस, व्हॅन की आपली दुचाकी?

धायरीकर:
आम्ही या उन्हाळ्यात पुण्यात धायरीला राहायला आलो, पण मुलीची शाळा टिळक रस्त्याजवळचीच ठेवली आहे. ती सात वर्षांची असून जूनमध्ये दुसरीत जाईल. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा शासन निर्णय २०२४ मध्ये निघाल्यापासून तिची शाळा नऊ ते दोन असते. म्हणजे सिंहगड रस्त्यावर सर्वांत जास्त गर्दी असते नेमक्या त्याच वेळी निघायचे. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे सकाळी सोडणे कसेबसे जमते, दुपारी आणणे मुळीच जमत नाही.

शाळेची बस आहे, पण तिचा थांबा मुख्य रस्त्याच्या पलीकडे आहे आणि शुल्क वर्षाचे एकरकमी भरावे लागते. सोसायटीतली मुले ज्या व्हॅनने जातात ती फाटकापर्यंत येते, काका मुलांना नावाने ओळखतात आणि पैसे बसच्या जवळजवळ निम्मे पडतात. मात्र काल मी मोजली तेव्हा त्या गाडीतून अकरा मुले उतरली. दप्तरे कुठे ठेवली होती ते विचारू नका. आपण काय केले असते?

समितीतला पालक:
काकांचा स्वभाव नंतर पाहा, आधी गाडीची पाटी पाहा. पिवळ्या पाटीवर काळे आकडे असतील तर गाडी भाड्याने प्रवासी नेण्यासाठी नोंदवलेली आहे. पाटी पांढरी असेल तर ती खासगी आहे, आणि अशा गाडीतून पैसे घेऊन मुले नेताना अपघात झाला तर विमा कंपनी अटींच्या भंगाकडे बोट दाखवून हात वर करू शकते. गाडीचा क्रमांक सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपमध्ये घातला की विम्याची आणि योग्यता प्रमाणपत्राची मुदत दिसते. आसनक्षमता नोंदणी पुस्तकात लिहिलेली असते, ती काकांकडूनच मागून पाहावी. दाखवायला ते का-कू करू लागले तर उत्तर तिथेच मिळाले असे समजा.

थांब्याच्या अडचणीवरही मार्ग आहे. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. तिच्यात पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी असतो, वाहतूक पोलीस आणि आरटीओचे अधिकारीही असतात, आणि बसचे शुल्क व थांबे हे तिच्याच कामात येतात. मी अशा समितीत दोन वर्षे होतो. बैठका बहुतेक वेळा नोंदवहीतच झाल्या, हे प्रामाणिकपणे सांगतो. तरीही एका पालकाने थांबा बदलण्यासाठी लेखी अर्ज दिला तेव्हा तो पंधरा दिवसांत बदलला, कारण आवक क्रमांक पडलेला कागद दडपणे अवघड असते.

व्हॅनवाल्याची लेक:
माझे वडील मी तिसरीत असल्यापासून शाळेची व्हॅन चालवतात, म्हणून दुसरी बाजू मांडते. अकरा मुले कोणालाच हौसेने बसवायची नसतात. विमा, योग्यता तपासणी, गॅस, टायर यांचा खर्च दरवर्षी वाढतो आणि पालक मात्र सुटीच्या महिन्याचे पैसे कापून देतात. मग तूट भरून काढायला आणखी दोन मुले घेतली जातात. हे समर्थन नव्हे, कारण सांगते आहे. वडिलांनी तीन वर्षांपूर्वी पालकांची बैठक घेऊन मुले कमी केली आणि शुल्क वाढवले. दोन कुटुंबे सोडून गेली, बाकीची टिकली.

तुम्ही काकांना आणखी एक विचारा: शेवटचे मूल उतरल्यावर ते मागच्या आसनापर्यंत जाऊन पाहतात का? दुपारी लहान मुले हमखास झोपतात. आमच्याकडे शाळेच्या फाटकाशी एकदा आणि गाडी लावताना एकदा अशी दोनदा मोजणी होते. बसमध्ये मुली असतील तर महिला सहायक असावी लागते, व्हॅनमध्ये बहुधा एकटा चालकच असतो, हेही ध्यानात घ्या.

वडगावची आई:
सकाळी तुम्हीच सोडणार असाल तर मुलीचे स्वतःचे, तिच्या मापाचे हेल्मेट आधी घ्या. चार वर्षांवरील प्रत्येकाला ते कायद्याने बंधनकारक आहे. त्याहून लहान मुलांना चालकाशी बांधणारा पट्टाही लागतो. शेजारच्या मुलाला ‘जाता जाता’ तिसरा म्हणून बसवण्याचा मोह मात्र टाळा. आम्ही तो केला होता, आणि एका खड्ड्याने आम्हाला शहाणे केले.

धायरीकर:
सर्वांचे आभार. संध्याकाळी खाली जाऊन पाहिले. पाटी पिवळी आहे आणि विमाही चालू आहे, पण आसनक्षमता चालकासह सातच आहे, म्हणजे मुलांची संख्या सरळच जास्त आहे. काकांशी बोललो; शुल्क वाढवून मिळाले तर सहाच मुले नेण्यास ते तयार आहेत, आणि आतापर्यंत चार घरांनी होकार दिला आहे. थांब्याचा अर्जही मुख्याध्यापकांच्या नावे उद्याच देतो, कारण थांबा अलीकडे आला तर महिला सहायक असलेली बसच मला जास्त पटेल. तोपर्यंत सकाळी मी दुचाकीवर सोडेन आणि दुपारी जूनभर मुलीची आजी पीएमपीच्या बसने जाऊन तिला घेऊन येईल. त्या वेळी स्वारगेटहून धायरीला बसायला जागा मिळते का, हे कोणी नेहमी जाणाऱ्यांनी सांगावे.