मदत हवी आहे: रात्रपाळी करणाऱ्या दिराचं वाढतं वजन

नेरूळची_वहिनी:

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या दिराबद्दल लिहितेय. वय २६, उंची १७० सेंमी, वजन ८९ किलो. तीन वर्षांपूर्वी कोरेगावहून आमच्याकडे नेरूळला राहायला आला तेव्हा ६८ होतं. गावाकडे कबड्डी खेळायचा, चढाईला पहिलं नाव त्याचंच असायचं. ऐरोलीला आयटी कंपनीत लागला आणि कामाची वेळ मिळाली संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन, कारण काम अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचं. कंपनीची गाडी बिल्डिंगखालून उचलते, बिल्डिंगखाली आणून सोडते. पायी चालणं असं काही उरलेलंच नाही.

कंपनीच्या वार्षिक तपासणीचे रिपोर्ट आलेत. उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, बीपी १३४/८८, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १. कमरेचा घेर १०२ सेंमी. मानेवर मागच्या बाजूला काळपट, जाडसर पट्टा आलाय, घासून जात नाही. घोरणं इतकं की दार लावूनही आम्हाला ऐकू येतं. रिपोर्टच्या खाली 'वजन कमी करा, व्यायाम करा' एवढीच ओळ आहे.

त्याचं खाणं असं: दुपारी दीडला उठून जेवण. रात्री साडेनऊला कॅन्टीन. साडेबारा-एकला सगळे मिळून खाली गेटवरच्या टपरीवर जातात, तिथे वडापाव नाहीतर मॅगी आणि कोल्ड्रिंक. घरी साडेचारला. एकदा मी पाणी प्यायला उठले तर हा ओट्यापाशी अंधारात उभा. लाइट लावला तर आम्हाला जाग येईल म्हणून मोबाइलच्या उजेडात कुकरमधला गार भात दही-शेव घालून थेट भांड्यातून खात होता. मला बघून भांडं खाली ठेवलं आणि म्हणाला, "वहिनी, भूक नव्हती हो, पण झोपच येत नाही काही खाल्ल्याशिवाय." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

सासूबाईंचं म्हणणं, पोरगं रात्रभर जागतंय, त्याला खाण्यावरून बोलू नका. त्यांच्या जिवाला लागतं. दुसऱ्या टोकाला नातेवाईक. मागच्या साखरपुड्यात त्याच्या आत्याने सगळ्यांसमोर "आता तुला पोरगी कोण देणार" म्हटलं, तेव्हापासून तो कुठल्याच कार्याला येत नाही. मला दोन्ही पटत नाही, पण मी वहिनी. मी बोलले तर त्याला वाटेल की घरात आता वहिनीलाही जड झालो.

आता त्याच्या ऑफिसातला एक जण वजन उतरवायचं इंजेक्शन घेतोय आणि जिमचा ट्रेनर ते मिळवून देतो म्हणतोय. ते मला फार भीतीचं वाटतं.

मला विचारायचंय ते असं: ही पाळी सध्या तरी बदलणार नाही. ती धरूनच खाणं-झोपणं कसं बसवायचं? आधी कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं? आणि त्याला न दुखावता विषय काढायचा कसा?

---

महापे_ते_पनवेल:

वहिनी, मी महाप्याला कॉलसेंटरमध्ये बरीच वर्षं रात्रपाळी केली, त्यामुळे लिहितो.

पहिली गोष्ट, मुख्य जेवण निघायच्या आधी, साडेपाचच्या सुमारास. भाकरी, उसळ, भाजी, ताक, पोटभर. मग कॅन्टीनला साडेनऊला थोडकंच: सॅलड, डाळ, हवी तर एक पोळी. बारानंतर शरीर झोपेच्या तयारीत असतं, इन्सुलिन नीट काम करत नाही. दुपारी एकला खाल्लेल्या भाताने साखर जेवढी वाढते, त्यापेक्षा तोच भात रात्री दोनला जास्त वाढवतो. म्हणून बारा ते पाच जेवण नाही. भूक लागलीच तर भाजलेले चणे-शेंगदाणे, उकडलेलं अंडं, ताक. हे घरून डब्यात न्यायचं, कारण त्या वेळी बाहेर तळलेलं आणि मैद्याचंच मिळतं.

टपरीवर जाऊ नको असं मात्र सांगू नका. तेवढीच मोकळी हवा आणि तेवढ्याच गप्पा असतात. जाऊ दे, हातात काय घेतो ते बदलू दे. ३०० मिली कोल्यात साखर ३२ ग्रॅमच्या आसपास असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. म्हणजे एका बाटलीत दिवसाचा कोटा संपून वर गेला.

चहा-कॉफी रात्री बारानंतर बंद. पहाटे झोप न येण्याचं अर्धं कारण तिथे असतं. आणि झोपायच्या खोलीला जाड काळे पडदे लावा, हे सगळ्यात महत्त्वाचं. झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं. तो म्हणाला ना भूक नव्हती, पण खाल्ल्याशिवाय झोप येत नाही. ते जिभेचे चोचले नाहीत, थकलेलं शरीर तसं मागतं.

---

स्पष्टवक्ता:

सगळं ठीक आहे, पण शेवटी मनाचा निग्रह लागतो. आमच्या वेळीही गिरण्यांत तिन्ही पाळ्या होत्या. माणसं काय जाड होती का?

---

डॉ_नौपाडा:

स्पष्टवक्ता, गिरणीतला माणूस आठ तास उभा असायचा आणि पायी घरी यायचा. हा मुलगा नऊ तास खुर्चीत आणि दोन तास गाडीत बसतो. निग्रह दोघांचा सारखाच धरला तरी हिशोब सारखा होत नाही. आणि हे एका घरापुरतं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ मध्ये देशातले १८.९ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ होते, २०१९-२१ मध्ये २२.९ टक्के. चार-पाच वर्षांत देशभरातल्या पुरुषांचा निग्रह एकदम ढळला असं म्हणायचं का?

वहिनी, माझं ठाण्यात जनरल प्रॅक्टिसचं क्लिनिक आहे. न तपासता निदान करणार नाही, पण तुम्ही दिलेले आकडे मला गंभीर वाटतात. त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३०.८ येतो. आपल्याकडे २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, कारण त्याच बीएमआयला आपल्या अंगात चरबी जास्त असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. म्हणून घरातल्या सडपातळ माणसांनीही कंबर मोजावी.

मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेणाऱ्या बिघाडांचा गट, ठरवायला पाच गोष्टी बघतात: पुरुषाची कंबर ९० सेंमी किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल ४० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. यातल्या तीन असल्या तरी पुरे. तुमच्या दिराच्या पाचही आहेत. मानेवरचा काळा पट्टा मळाचा नाही, बहुधा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याचं लक्षण आहे, त्यामुळे घासू नका. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. इथून मागे येता येतं, आणि या वयात तर नक्कीच.

आधी चांगल्या एमडी मेडिसिनकडे किंवा एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरकडे) न्या. थायरॉइड बघतील. घोरण्याबद्दल त्यांना आवर्जून सांगा. झोपेत श्वास अडखळत असेल तर आठ तास झोपूनही माणूस थकलेला उठतो, बीपी चढतं आणि वजन हलत नाही. त्यासाठी झोपेची तपासणी असते, घरीही करता येते. त्याच्या झोपेच्या वेळेला करा, म्हणजे दिवसा.

उद्दिष्ट ६८ ठेवू नका. ७ ते १० टक्के उतरलं तरी लिव्हरची चरबी कमी होते, म्हणजे पहिला मुक्काम ८० ते ८२ किलो. तिथे पोचायला सहा महिने लागले तरी चालतील.

इंजेक्शनबद्दल. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. औषधं खरी आहेत, काम करतात, आणि बीएमआय ३० च्या वर असल्याने त्याच्या बाबतीत डॉक्टर त्यांचा विचार करूही शकतात. पण ती डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं आहेत. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते, पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, चरबीबरोबर स्नायूही उतरतात आणि बंद केल्यावर वजन बरंचसं परत येऊ शकतं. ट्रेनरकडून आलेली कुपी खरी आहे का, थंड ठेवली होती का, डोस किती, कुणाला माहीत? तिथे ठाम नाही म्हणा.

---

उपवनकाठची:

मी घोडबंदर रोडला राहते, वय २३. आता सावरतेय, पण लहानपणापासून जाड आहे, म्हणून दिराच्या बाजूने लिहिते.

ताटाकडे बघणारे डोळे कळतात. मी दुसरी पोळी घेतली की आजी, काकू, बाबा सगळ्यांची नजर माझ्या हातावर. मग मी सगळ्यांसोबत एकच पोळी खायचे आणि रात्री एकटी बिस्किटांचा पुडा संपवायचे. तुमचा दीर अंधारात उभा राहून खातोय ते वाचून पोटात कालवलं. त्याला भूक लपवायची सवय लागलीय. आधी ती सोडवा. पहाटे त्याच्यासाठी झाकून काहीतरी ठेवा, एक वाटी मुगाचं सूप किंवा कोमट दूध, आणि स्वयंपाकघरातला छोटा दिवा चालू ठेवा. त्याला कळू दे की हे त्याच्यासाठी ठेवलंय आणि चोरून खायची गरज नाही.

आणि आत्याबाईंना कुणीतरी मोठ्याने थांबवलं पाहिजे. ते काम तुमच्या मिस्टरांचं. तो तिथे असताना, त्याच्यासमोर. माझे बाबा ज्या दिवशी मामाला म्हणाले की माझ्या मुलीच्या अंगावर बोलायचं नाही, त्यानंतर आठवड्याभरात मी स्वतःहून त्यांच्याबरोबर उपवन तलावाला चालायला निघाले. मला कुणी 'चाल' म्हटलं नव्हतं.

---

सातारची_माई:

बाई गं, सासूला बाजूला ठेवून काही होणार नाही. त्यांच्याकडेच डबा सोपव. 'आई, डॉक्टरांनी गावाकडचंच खायला सांगितलंय, तुमच्या हातचं' असं म्हण. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, मेथीची पातळ भाजी, घट्ट पिठलं. लेकराला खाऊ घालण्यात त्यांचा जीव आहे ना, मग घालू देत, फक्त तळण आणि साखर कमी. ते कोरेगावात हेच खाऊन कबड्डी खेळत होतं. तेलाची बरणी महिन्याची मोजून भर, रोज हात आपोआप आखडतो.

---

नेरूळची_वहिनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो सडपातळ आहे, तरी त्याने स्वतःची कंबर मोजली, ९४ भरली. त्यामुळे विषय काढणं एकदम सोपं झालं. तोच भावाला म्हणाला, "माझंही जास्त आहे, दोघं मिळून डॉक्टरकडे जाऊ." दीर लगेच तयार झाला. मी काहीच बोलले नाही, माझ्याकडून डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली आणि पडदे आणले. आत्याशी नवरा बोलणार आहे. माई, सासूबाईंनी हुलगे गावाहून मागवलेत.

ट्रेनरला दिराने सध्या नको असं कळवलंय. इंजेक्शनचं डॉक्टरांनाच विचारायचं ठरलंय.

आता दोन शंका. साडेपाचच्या जेवणाआधी त्याला तासभर मोकळा मिळतो. घराजवळ ज्वेल ऑफ नवी मुंबई आहे, तिथे तलावाभोवती चालणं पुरेल की जिमच लागेल? आणि शनिवार-रविवारी सुट्टीला तो आमच्यासारखा रात्री दहाला झोपायचा प्रयत्न करतो, मग सोमवारी पुन्हा सगळं विस्कटतं. तिथे काय करावं?

---

डॉ_नौपाडा:

सुरुवातीला चालणंच. आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. तपासणी झाली आणि बीपी ठीक असलं की आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम: बैठका, जोर. कबड्डीच्या मुलाला शिकवावं लागणार नाही, पण आताच्या वजनावर एकदम उड्या नकोत, गुडघे दुखावतील. ऑफिसात तासातून एकदा उठून दोन मजले जिना.

---

महापे_ते_पनवेल:

सुट्टीचं मी सांगतो. दहाला झोपवू नका. एरवी तो साडेपाच ते एक झोपत असेल तर सुट्टीला रात्री अडीचला झोपून दहाला उठायचं. म्हणजे पहाटे साडेपाच ते सकाळी दहा हे तास सातही दिवस झोपेचेच राहतात आणि शरीराचा गोंधळ कमी होतो. दुपारचं जेवण तुमच्या सगळ्यांबरोबर होतं, संध्याकाळही घरच्यांना मिळते. रविवारी सकाळी दहाच्या आत त्याला उठवायला कुणी जाऊ नका, सासूबाईंनाही तेवढं सांगून ठेवा.