पुरेसे पैसे साठलेत, तरी सोमवारी कामावर जाणार का?

लालपेन

वय 53. स्ट्रक्चरल ड्रॉइंग तपासणं हे माझं काम, गेली 29 वर्षं. बीम-कॉलमच्या सळयांची ड्रॉइंग दुसरं कुणीतरी काढतं आणि मी लाल पेन घेऊन त्यातल्या चुका काढते. घरी या सवयीबद्दल फारसं बरं बोललं जात नाही, पण ते असो.

आठ महिन्यांपूर्वी एक्सेलमधला निवृत्तीचा आकडा गाठला. वर्षाचा खर्च गुणिले तीस. घराचं कर्ज फिटलंय, मुलगा कमावता झालाय. नऊ वर्षं त्या सेलकडे डोळे लावून बसले होते. तो हिरवा झाला तेव्हा काय केलं असेन? फाइल बंद केली आणि सकाळी अर्धवट राहिलेलं ड्रॉइंग उघडलं. बार बेंडिंग शेड्यूलमध्ये, म्हणजे सळयांच्या यादीत, एका बीमला आठ सळया होत्या, सेक्शनमध्ये, म्हणजे बीम आडवा कापून दाखवलेल्या चित्रात, सहाच दिसत होत्या. ते सापडल्यावर जे बरं वाटलं ते हिरवा सेल बघून वाटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू.

एक फरक मात्र पडला. शनिवारच्या मीटिंगला ‘मी येणार नाही’ असं पहिल्यांदाच सांगितलं. समोरून नुसतं ‘बरं’ आलं. म्हणजे इतकी वर्षं मी उगाचच जात होते!

तर प्रश्न असा: पैशाची गरज संपल्यावरही तुमच्यापैकी कोण काम करतंय, आणि का? ‘मन रमतं’ एवढ्यावर बोळवण करू नका. आमचे हे म्हणतात, ‘तुला चुका काढायला रोज कुणीतरी लागतं, आणि ऑफिसने ते काम अंगावर घेतलंय म्हणून मी वाचलोय.’ हे सोडून दुसरं कारण हवंय.

हिशेबी

आधी तुमच्या हिरव्या सेललाच लाल पेन लावू.

खर्चाच्या पंचवीस पट हा जो नियम सगळीकडे फिरतो त्याचं मूळ विल्यम बेंगेन यांच्या 1994च्या अभ्यासात आहे. पहिल्या वर्षी पुंजीच्या 4 टक्के, म्हणजे पंचविसावा हिस्सा, काढायचे, पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढवत न्यायची, आणि पुंजी निदान 30 वर्षं पुरली पाहिजे. त्यातले आकडे अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांचे. तुम्ही नव्वदीपर्यंत धरलंत तर 37 वर्षं काढायची आहेत. तीस पट घेतलीत हे शहाणपणाचं. पण महागाई 6 टक्के धरली तर 12 वर्षांत खर्च दुप्पट होतो, ते शीटमध्ये आहे ना?

खरा घात पहिल्या चार-पाच वर्षांत होतो. बाजार पडलेला असताना खर्चाला पैसे काढावे लागले की पडत्या भावात जास्त युनिटं विकली जातात. मग बाजार वर आला तरी त्याच्याबरोबर वर जायला आपल्याकडे उरतंय काय? त्या काळात निम्म्या खर्चापुरती जरी कमाई असली तरी पुंजीला हात कमी लागतो. मी त्यासाठीच जातो. मन वगैरे अजिबात रमत नाही.

परत_आलेला

मी सोडली होती. 51व्या वर्षी. चौदा महिन्यांनी परत गेलो.

पंपांच्या देखभालीचं काम होतं. सोडल्यावर घरातले सगळे नळ दुरुस्त केले, गळत नव्हते तेसुद्धा. मग लेबल छापायचं यंत्र आणलं. डबे, वायरी, चाव्या, कपाटाचे खण, सगळ्यांना लेबलं लावली. एक दिवस बायको म्हणाली, ‘आता मलाही लाव एक, म्हणजे सुटलास.’

मग एका रात्री जुन्या सहकाऱ्याचा फोन. ‘साहेब, दोन नंबरचा पंप आवाज करतोय, बेअरिंग गेलं बहुतेक.’ म्हटलं, फोन पंपाजवळ धर. आत खडी फिरत असल्यासारखा आवाज. बेअरिंग कसलं, कॅव्हिटेशन! म्हणजे पाणी नीट ओढलं जात नाही आणि पंपात वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात. सक्शनचा स्ट्रेनर, म्हणजे पाणी आत येतं तिथली जाळी, साफ करायला सांगितला. वीस मिनिटांनी त्याने परत फोन लावून शांत झालेला पंप ऐकवला. मला त्या रात्री झोप आली नाही.

आता आठवड्याला दोन दिवस जातो, कंत्राटावर. पण जुनी खुर्ची मिळत नाही हे लक्षात ठेवा. ज्याला मी पाना धरायला शिकवलं तो आता माझ्या हजेरीवर सही करतो. पहिला महिना टोचलं. आता त्याच्या सहीची वाट बघतो, कारण त्याशिवाय बिल निघत नाही.

दुपारची_झोप

माझे मिस्टर रिटायर झाले. मी कुठे झाले? पूर्वी दुपारी दीड ते चार घर माझं असायचं. आता दीडला ‘चहा कधी?’ आणि पावणेदोनला ‘हा डबा इथे का ठेवलाय?’ लालपेनताई, तुमच्या मिस्टरांशी मी पूर्ण सहमत आहे. जात राहा.

तिरपागडा

1955 साली मोर्स आणि वाइस यांनी अमेरिकेत नोकरदारांना हेच विचारलं होतं: आयुष्यभर पुरेल इतका वारसा मिळाला तरी काम कराल का? 401 जणांपैकी 80 टक्के म्हणाले, करू. सगळे पुरुष, बरं का. दुपारच्या झोपेवाल्या ताईंना तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. आणि ‘करू’ म्हणायला पैसे पडत नाहीत.

माझा प्रश्न वेगळा. लालपेन, तुमच्या जागी ड्रॉइंग तपासेल असं कुणी तुम्ही तयार केलंय का? की आपल्यावाचून अडतं हे बरं वाटतं म्हणून जाताय?

लालपेन

तिरपागडा, झोंबलं. दोन दिवस उत्तर दिलं नाही ते त्यामुळेच.

नाही, कुणाला तयार केलेलं नाही. शेजारी एक मुलगी बसते, चार वर्षं झाली. तिची ड्रॉइंग लाल करून परत करते, पण मी आधी कुठे बघते, नंतर कुठे, हे तिला कधी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही, कारण मी विचारू देण्यासारखी दिसत नसावी.

काल तिला माझं एक तपासून झालेलं ड्रॉइंग दिलं. त्यात मुद्दाम एक चूक घालून ठेवली होती, एका कॉलमच्या रिंगांचं अंतर बदललं होतं. ती तासभर बसली. माझी चूक काही तिला सापडली नाही. पण म्हणाली, ‘मॅडम, या बीमच्या खालच्या सळयांचे लॅप सगळे एकाच ठिकाणी आलेत. ते पुढेमागे घ्यायला हवेत ना?’ लॅप म्हणजे दोन सळया एकमेकींवर चढवून केलेला जोड.

ते मी घातलेलं नव्हतं. ते तसंच होतं, माझ्या सहीसकट. नशीब, ड्रॉइंग अजून साइटवर गेलं नव्हतं.

लाल पेन तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, ठेव तुझ्याकडेच. पाच मिनिटांनी परत मागून घेतलं.