मदत हवी आहे: जुने मॉड्यूल बसवल्यापासून एअरबॅगचा दिवा विझत नाही

सर्वांना नमस्कार. मी सांगलीत गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. कृष्णेच्या पुराचे पाणी शिरून एका हॅचबॅकचे, गिअर लिव्हरच्या खाली बसणारे एअरबॅग मॉड्यूल (एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारे कंट्रोल युनिट) निकामी झाले, म्हणून मालकांनी त्याच मॉडेलच्या भंगारातल्या गाडीचे मॉड्यूल आणून बसवून घेतले. तेव्हापासून डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा विझत नाही. गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर कॉन्फिगरेशन जुळत नसल्याचा आणि सहप्रवाशाच्या एअरबॅगच्या सर्किटचा रेझिस्टन्स जास्त असल्याचा, असे दोन कोड येतात आणि पुसले तरी चावी फिरवताच परत उमटतात.

या गाडीत एअरबॅग केवळ चालकाची आहे. सहप्रवाशाची एअरबॅग नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली, ही गाडी त्याआधीची. त्यामुळे आणलेले मॉड्यूल दोन एअरबॅगच्या गाडीतले असून नसलेली एअरबॅग शोधत असावे, असा माझा कयास आहे. बॅटरी सोडवून, काही वेळ थांबून एअरबॅगच्या वायरिंगचे पिवळे कनेक्टर तपासले, त्यांवर गंज नाही. रिकाम्या जागी रेझिस्टर टाकून दिवा विझवण्याचा सल्ला मिळतो, पण खोटे सर्किट दाखवून मॉड्यूलला फसवणे मला मुळीच मान्य नाही.

अशा मॉड्यूलमध्ये चासी नंबर आणि व्हेरिएंटचे कोडिंग नव्याने करता येते का, की नवेच घ्यावे? त्यात आधीच्या अपघाताची नोंद कायम झाली असल्यास ती कशी ओळखावी? सांगली, मिरज किंवा साताऱ्यात हे काम खात्रीने करणारे कोणी असल्यास कृपया कळवावे.