बीपीची गोळी का सुटते?

पेशंट बेफिकीर असतात म्हणून गोळ्या सोडतात, असं सर्रास म्हटलं जातं, ते मला पटत नाही. बीपी दुखत नाही की खुपत नाही. १६०/१०० इतका वाढलेला असतानाही माणूस नागपूरच्या इतवारी बाजारात दिवसभर पोती उचलतो. मग बरं वाटतंय तर गोळी कशाला, असं त्याला वाटणारच.

आमच्या शेजारच्या काकूंनी अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी बंद केली, कारण घोट्याशी पाय सुजले. किडनी गेली की काय, या धास्तीने त्या रात्रभर जाग्या. ही सूज त्या औषधाने येऊ शकते आणि डॉक्टर डोस कमी करून किंवा औषध बदलून ती उतरवतात, एवढंच कुणीतरी आधी सांगायला हवं होतं ना!

मिठाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणते, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक छोटा (चहाचा) चमचा. सकाळी तर्री-पोहा, जेवणात लोणचं-पापड, तिथे नुसतं ‘मीठ कमी करा’ म्हणून काय होणार? स्वयंपाक करणाऱ्यालाच समोर बसवून सांगा. काकूंच्या सुनेने घरी बीपी मोजून आकडे वहीत लिहायला घेतले, तेव्हा कुठे त्यांची गोळी नियमित झाली.

आणि रोजंदारीवाल्याला महिन्याच्या गोळ्या एकदम द्या. दर आठवड्याला रांगेत उभं राहायला तो खाडा करणार नाही.