पंच कच्चे असतील तर खेळाडूने गप्प बसावे का?

रॅकेटवाली आई

गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या 15 वर्षांखालील बॅडमिंटन सामन्यात, तिसऱ्या गेममध्ये 19-19 अशी बरोबरी असताना, तिचा स्मॅश रेषेवर, म्हणजे आतच, पडलेला आम्ही अनेकांनी पाहिला. रेषापंच नेमलेलेच नव्हते आणि पंचाच्या खुर्चीवर आधीचा सामना नुकताच हरलेला एक मुलगा बसवलेला होता. प्रतिस्पर्धी मुलीने हात पसरून ‘आउट’ अशी खूण केली, पंचाने तिच्याकडे पाहिले आणि गुण तिला देऊन टाकला. माझी मुलगी काहीही न बोलता पुढच्या रॅलीसाठी उभी राहिली, कारण पंचाशी हुज्जत घालायची नाही, एवढेच मी तिला शिकवले होते.

आता वाटते की माझे शिकवणे अपुरे होते. पुढची सर्व्हिस होण्याआधी दाद मागितली तर पंचाला त्यावर निर्णय द्यावाच लागतो आणि शटल कुठे पडले हे कोणालाच ठरवता येत नसेल तर ‘लेट’ देऊन ती रॅली पुन्हा खेळवतात, हे नियमांतच आहे. खेळाडूने शांतपणे पंचाजवळ जाऊन ‘शटल तुम्ही स्वतः पाहिले का?’ असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. आपल्या गप्प बसण्याचा लाभ खोटी खूण करणाऱ्यालाच होतो.

बॅकहँड

आपले दुःख समजते, पण मत पटत नाही. एप्रिल 2022 मध्ये मनिला येथील आशियाई बॅडमिंटन अजिंक्यपद स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात सिंधू पहिला गेम 21-13 असा जिंकून दुसऱ्यात 14-11 अशी पुढे होती. सर्व्हिसला उशीर केल्याचे सांगून पंचांनी तिच्याविरुद्ध एक गुण दिला. प्रतिस्पर्धी यामागुची तयार नव्हती, असे सिंधूचे म्हणणे होते. तिने पंचांकडे आणि त्यांच्या वरचे अधिकारी असलेल्या रेफरींकडेही दाद मागितली. निर्णय बदलला नाही आणि पुढचे दोन्ही गेम तिने 19-21, 16-21 असे गमावले. जगज्जेतीची लय तुटू शकते, तर 14 वर्षांच्या मुलीचे काय होईल? मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो की एक गुण गेला, तो सोडा आणि पुढचे शटल रेषेपासून हातभर आत मारा.

खुर्चीवरून

मी बारा वर्षे जिल्हा पातळीवर पंच म्हणून काम करतो. हातभर आत मारण्याचा सल्ला मला अन्यायकारक वाटतो, कारण त्यात प्रामाणिक खेळाडूचे मैदान लहान होते आणि खोटे बोलणाऱ्याचे तेवढेच राहते. मात्र रॅकेटवाली आई, खुर्चीवरील त्या मुलाचाही विचार करा. बुटाची नाडी पुन्हापुन्हा बांधणे, न विचारता घाम पुसायला जाणे, चांगले शटल बदलून मागणे हा सारा वेळकाढूपणा त्याला दिसत असतो. ताकिदीचे पिवळे कार्ड खिशात असले, तरी ते काढले की गॅलरीतून पालक ओरडतील आणि आयोजक पाठीशी उभे राहणार नाहीत, हे त्याला ठाऊक असते. तो घाबरतो, म्हणून जो आत्मविश्वासाने हात पसरतो त्याचे ऐकतो. दाद खेळाडूने मागावी, पालकांनी नव्हे. आणि पंच गोंधळला असेल तर रेफरींना बोलावण्याची विनंती करावी.

रॅकेटवाली आई

त्या दिवशी मीही गॅलरीतून ओरडले होते, हे मान्य करते. सिंधूच्या बाबतीत बॅकहँड यांनी पुढची गोष्ट सांगितली नाही: तिने लेखी तक्रार केली आणि जुलैमध्ये आशियाई संघटनेच्या तांत्रिक समितीच्या अध्यक्षांनी चूक मान्य करून तिची क्षमा मागितली.

बॅकहँड

क्षमेने सामना परत मिळाला नाही, म्हणून माझे मत अजून तेच आहे. तरीही ‘तुम्ही स्वतः पाहिले का?’ हा एवढा एकच प्रश्न विचारून, उत्तर काहीही आले तरी लगेच सर्व्हिससाठी उभे राहायचे, असा सराव या आठवड्यापासून माझ्या मुलांकडून करून घेईन. सरावाच्या सामन्यांत मुद्दाम चुकीचे निर्णय देणारा पंच मीच होईन.